चौथ्या गिअरनंतरचा रस्ता

गोठ्यालगतच्या ज्या पडवीत पूर्वी सरकीची पोती रचली जात, तिथे १९७१ सालापासून आमच्या घरची एमजीबी, ही जुनी ब्रिटिश स्पोर्ट्स कार, उभी असते. माझे मोठेबाबा काही वर्षे बर्मिंगहॅमच्या एका रुग्णालयात डॉक्टर होते. कायमचे परत येताना त्यांनी १९६६ सालची ही दोन आसनांची, कापडी टपाची गाडी जहाजाने मुंबईला आणि तिथून रस्त्याने वर्धा जिल्ह्यातल्या आमच्या गावी आणली. मिरवण्यासाठी त्यांनी ती कधी वापरली नाही. आर्वीच्या दवाखान्यात जाणे, पुलगावच्या स्टेशनवरून पाहुण्यांना आणणे, वर्षातून दोन-चार वेळा वर्धा किंवा नागपूर गाठणे, एवढेच तिचे काम होते. आमच्या भागातल्या काळ्या मातीवर बांधलेला डांबरी रस्ता कसा असतो, हे इथे राहणाऱ्याला सांगावे लागत नाही. ही माती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात आकसते आणि वर्षभरात रस्त्याच्या पाठीवर लाटा उठतात. त्यात पुढे कापसाची बंडी, मागे एसटी आणि मधूनच आडवा येणारा गुरांचा कळप असेल, तर गाडी सलग दहा मिनिटे एका वेगात राहणे शक्यच नव्हते. त्यामुळे चौथ्या गिअरमध्ये तासाला ९० किलोमीटरला इंजिनाचे किती फेरे पडतात, हा प्रश्न आमच्या घरात पन्नास वर्षे कुणाला पडला नाही.

११ डिसेंबर २०२२ रोजी समृद्धी महामार्गाचा नागपूर ते शिर्डी हा ५२० किलोमीटरचा पहिला टप्पा सुरू झाला आणि हा प्रश्न आमच्या दारात आला. विरूळचा इंटरचेंज आमच्या गावापासून बारा-तेरा किलोमीटरवर आहे. तिथून वर चढले की समोर सिमेंट काँक्रीटचा सरळ, रुंद रस्ता, आणि मोटारींना तासाला १२० किलोमीटरपर्यंत मुभा. बंडी नाही, ट्रॅक्टर नाही, दुचाकीसुद्धा नाही. ज्या गाडीने उभ्या आयुष्यात एका दमात दहा मिनिटे एक वेग धरला नव्हता, तिला हा रस्ता तासन्‌तास एकच वेग धरायला सांगतो. जुन्या यंत्राला अधूनमधूनचा जोर फारसा बाधत नाही, पण न थांबता चालणारा सारखा जोर त्याच्यातले प्रत्येक दुखणे वर काढतो.

ज्या देशात ही गाडी घडली, तिथे हाच प्रश्न साठ वर्षांपूर्वी पडून गेला होता. लंडनहून उत्तरेकडे जाणारा एम-वन हा महामार्ग १९५९ साली सुरू झाला, तेव्हा त्यावर वेगमर्यादाच नव्हती. डिसेंबर १९६५ मध्ये ताशी ७० मैलांची, म्हणजे सुमारे ११२ किलोमीटरची मर्यादा आली. एमजीबी १९६२ साली याच काळात बाजारात आली आणि तिच्या गिअरांच्या आकड्यांत ही दुविधा स्पष्ट दिसते. मागच्या आसाचे प्रमाण ३.९०९, म्हणजे चाकाच्या एका फेऱ्याला प्रोपेलर शाफ्टचे, गिअरबॉक्सकडून मागच्या आसाकडे जाणाऱ्या दांड्याचे, जवळजवळ चार फेरे. चौथ्या गिअरमध्ये इंजिनाच्या दर १००० फेऱ्यांना गाडी ताशी १७.९ मैल धावते, आपल्या हिशेबाने २८.८ किलोमीटर. हे प्रमाण वळणावळणाच्या, चढउताराच्या ग्रामीण रस्त्यासाठी ठरवलेले होते. महामार्गासाठी कारखान्याने वेगळे पैसे घेऊन ओव्हरड्राइव्ह, म्हणजे त्याच वेगाला इंजिनाचे फेरे कमी करणारा जादा गिअर, बसवून देण्याची सोय ठेवली. आमच्या गाडीला तो आहे. डॅशबोर्डवर त्याची छोटी खटक्याची कळ आहे आणि लहानपणी आम्ही भावंडे ती कळ खालीवर करून खेळत असू, कारण तिने काहीच होत नसे.

फेब्रुवारी २०२३ मध्ये मी पहिल्यांदा गाडी विरूळवरून महामार्गावर चढवली. ताशी ९० किलोमीटरला फेऱ्यांचा काटा ३१०० वर होता. इंजिन तक्रार करत नव्हते, पण त्याचा आवाज एकाच पट्टीत अर्धा तास कानावर पडत राहिला, तेव्हा हे किती वेळ चालवावे अशी शंका मनात आली. त्या शंकेचे उत्तर शोधण्याआधीच दुसरी गोष्ट घडली. वर्धा नदीचा पूल गेला, धामणगावचा इंटरचेंज मागे पडला आणि आसनाखालून एक मंद थरथर जाणवू लागली. ती ८० ला वाढे आणि ६० ला विरे. मी वेग कमी करत गाडी अगदी कडेला घेतली आणि उतरून पाहिले. डाव्या बाजूच्या मागच्या टायरची नक्षी एका ठिकाणी तळहाताएवढी वर फुगली होती. आतल्या थरांपासून रबर सुटून तिथे उंचवटा झाला होता आणि हात लावला तर चटका बसत होता.

डिकीतला जादा टायर काढला. त्याची नक्षी नव्यासारखी होती, पण बाजूच्या भिंतीवर, अक्षरांच्या आसपास, केसाएवढ्या बारीक भेगांचे जाळे पसरलेले होते. एप्रिलच्या अखेरीस पेरणीआधीच्या आमच्या शेतात जशा भेगा पडतात, अगदी तशाच. टायरच्या भिंतीवर तो कोणत्या आठवड्यात बनला याचा आकडा कोरलेला असतो. २००० सालापासून तो चार अंकी असतो, पहिले दोन अंक आठवड्याचे आणि पुढचे दोन वर्षाचे. या जादा टायरवर तीनच अंक होते : २९७. त्याआधी वर्षाला शेवटचा एकच अंक असे, म्हणजे तो बहुधा १९९७ सालच्या एकोणतिसाव्या आठवड्यात बनलेला होता. फुगलेल्या टायरवरचा आकडा मी तेव्हाच वाचला आणि तोही त्याच वर्षाचा निघाला. मी ते चाक बसवले नाही. चुलतभावाला फोन केला. तो पिकअप घेऊन येईपर्यंत दोन तास गेले, कारण या रस्त्यावर मध्येच कुठून चढता येत नाही. जुन्या रस्त्यावर दर चार-पाच किलोमीटरवर कडुनिंबाखाली पंक्चरवाला असे, तसे इथे कुणी नव्हते.

ते दोन तास मी कठड्यापलीकडे उभा राहून जे ठरवले, त्यावर आजही ठाम आहे. जुन्या स्पोर्ट्स कारला महामार्गावर न्यायचे असेल, तर ती अजून किती जोरात पळेल हा विचार सोडून द्यावा. तिचे इंजिन कमीत कमी फेऱ्यांत आणि तिचे टायर कमीत कमी तापलेले कसे राहतील, याचाच विचार करावा. आणि या दोहोंत आधी टायर. इंजिन थकले तर आवाजाने, तेलाच्या दाबाने, पाण्याच्या तापमानाने सांगते. टायर सांगतो तेव्हा बहुधा उशीर झालेला असतो.

टायरच्या नक्षीची खोली १.६ मिलिमीटरपेक्षा कमी नसावी असा मोटारींसाठी नियम आहे आणि आपण सगळे तेवढेच पाहतो. नेहमी धावणाऱ्या गाडीची नक्षी झिजते, म्हणून तिचे टायर आपोआप बदलले जातात. वर्षाला हजार किलोमीटर चालणाऱ्या गाडीची नक्षी झिजत नाही, पण रबर मात्र उभ्या-उभ्या कडक होत जाते. ऊन, हवेतला ओझोन आणि काळ या तिघांचे काम सुरूच असते, आणि ४५ अंशांचा उन्हाळा दरवर्षी पाहणाऱ्या आमच्या भागात ते अधिक वेगाने होत असणार. नक्षी कितीही चांगली असली तरी सहा-सात वर्षांनंतर मी आता टायर ठेवणार नाही. जादा टायरही त्यात आला, कारण तो एकदाच लागतो आणि लागतो तेव्हा दुसरा पर्याय नसतो.

मग माप. या गाडीला मुळात ५.६० बाय १४ चे जुन्या धाटणीचे क्रॉसप्लाय टायर होते. पुढे रेडियल आले आणि १६५ रुंदीचा १४ इंची टायर एमजीबीचा नेहमीचा झाला. हे माप परदेशातून मागवावे लागेल अशा समजुतीने मी दोन महिने चौकशा केल्या, आणि एक दिवस आर्वीत एका भाड्याच्या डिझायरच्या चाकावर नजर गेली तर तिथे लिहिलेले : १६५/८० आर १४. मारुतीच्या स्विफ्ट आणि डिझायरच्या साध्या प्रकारांना वर्षानुवर्षे हेच माप येते. भाराचा अंक ८५, म्हणजे एका टायरवर ५१५ किलो, आणि वेगाचे अक्षर टी, म्हणजे ताशी १९० किलोमीटर. आमची गाडी जेमतेम सव्वानऊशे किलोची आहे आणि नवी असतानाही ती १७० च्या पुढे जात नव्हती. बर्मिंगहॅमच्या रस्त्यांवर धावलेल्या गाडीचा योग्य टायर तालुक्याच्या दुकानात मिळतो, याचा मला झालेला आनंद अजून ओसरलेला नाही.

दुकानातल्या मुलाने मात्र मनापासून दुसरा सल्ला दिला. १८५/६० घ्या, गाडी जमिनीला धरून बसेल, दिसायलाही भारदस्त वाटेल, असे त्याचे म्हणणे होते. मी त्याच्या काउंटरवरच हिशेब मांडला. १६५/८० चा व्यास सुमारे ६२० मिलिमीटर भरतो आणि १८५/६० चा ५७८. म्हणजे चाक जवळजवळ सात टक्क्यांनी लहान होते आणि तेवढेच अंतर कापायला इंजिनाला सात टक्के जास्त फेरे घ्यावे लागतात. टायर हा शेवटचा गिअरच असतो. पुढचे सगळे गिअर कितीही विचारपूर्वक निवडले, तरी शेवटी रस्त्यावर किती अंतर पडणार ते टायरच्या घेरावर ठरते. शिवाय स्पीडोमीटर १०० दाखवी तेव्हा गाडी ९३ ने धावत असती, आणि पॉवर नसलेले स्टीअरिंग पांदणीत वळवताना रुंद टायरने खांदे भरून आले असते. मी १६५ चेच पाच टायर घेतले आणि प्रत्येकावरचा आठवड्याचा आकडा वाचूनच घेतले.

आमच्या गाडीला तारांच्या स्पोकची चाके आहेत. स्पोकची टोके रिमच्या आरपार जात असल्याने अशा चाकात ट्यूब लागतेच. यातली दोन पथ्ये कुणी सांगत नाही, म्हणून लिहून ठेवतो. स्पोकच्या टोकांवर रिममध्ये रबरी पट्टी असावी आणि ती बसवण्याआधी प्रत्येक टोकावरून बोट फिरवून खरखर लागते का ते पाहावे. दुसरे, आजच्या ट्यूबलेस टायरच्या पोटात कागदी लेबले चिकटवलेली असतात, ती खरवडून काढावीत, नाहीतर लांबच्या प्रवासात त्यांची कड ट्यूबला घासत राहते. ट्यूबलेस टायरमध्ये खिळा शिरला तर हवा हळूहळू जाते, पण स्पोकच्या चाकातली ट्यूब फाटली तर स्पोकच्या भोकांतून हवा एकदम निघून जाते. ताशी ४० ला आणि ९० ला या एकाच घटनेचा अर्थ फार वेगळा होतो.

हवेबाबत आमच्याकडे पक्की समजूत आहे. गावातले पंक्चरवाले, ज्यांच्या हातावर माझा पूर्ण विश्वास आहे, म्हणाले, "उन्हाळ्यात हवा फुगते जी, चार-पाच कमीच ठेवा लागते." फुगते हे खरेच आहे. सकाळी २७ अंशाला टायरमध्ये २४ पीएसआय हवा भरली आणि धावून टायर ५७ अंशापर्यंत तापला, तर दाब साधारण चारने वाढतो. पण तेवढा दाब टायर सहज सोसतो. त्याला मारक असते ती बाजूच्या भिंतीची दर फेऱ्याला होणारी घडी. हवा कमी असली की ही घडी खोल पडते, रबर आतून तापते, आणि ताशी ९० ला ही घडी मिनिटाला जवळजवळ आठशे वेळा पडत असते. म्हणजे टायर फुटू नये म्हणून केलेला उपायच त्याला फुटण्याकडे नेतो. मी त्यांना हे सांगितले तेव्हा ते बराच वेळ विचार करत राहिले आणि मग म्हणाले, "म्हणूनच ट्रकवाल्यांचे मागचे आतले टायर जास्त जातात. आतल्याची हवा कोणी पाहतच नाही." त्यांचे हे निरीक्षण माझ्या हिशेबापेक्षा मोलाचे होते. गाडीच्या पुस्तिकेत रेडियलसाठी पुढे २१ आणि मागे २४ असा दाब दिला आहे. महामार्गासाठी मी तो पुढे २४ आणि मागे २६ ठेवतो, पहाटे, गाडी हलवण्याआधी मोजतो आणि तापलेल्या टायरमधली हवा कधीही सोडत नाही.

आता गिअर. फेरे कमी करण्याचे मार्ग अनेक आहेत. मागच्या आसाचे प्रमाणच बदलता येते. याच गाडीच्या व्ही-८ इंजिनाच्या बहिणीला ३.०७ चा आस होता आणि तो बसवला की महामार्गावर इंजिन खूपच शांत होते. इंग्लंडात पुष्कळ जण दुसऱ्या गाडीचा पाच गिअरांचा गिअरबॉक्स बसवतात. माझ्या ओळखीच्या एका हौशी माणसाने आस बदलण्याचा आग्रहच धरला होता. पण आमच्या घरापासून डांबरी रस्त्यापर्यंत अर्धा किलोमीटरची पांदण आहे. दोन्हीकडे बाभळी, मधे बंड्यांच्या चाकोऱ्या, आणि संध्याकाळी समोरून गुरे येत असतात. या गाडीच्या पहिल्या गिअरचे प्रमाण ३.६४ आहे आणि आजच्या आसावर १००० फेऱ्यांना ती ताशी आठ किलोमीटरने चालते. ३.०७ च्या आसावर तीच चाल दहा होईल. कागदावर दोन किलोमीटरचा फरक दिसतो, पण गुरांमागून चालताना तो सगळा क्लचवर येतो, आणि १९६६ सालच्या या गाड्यांच्या पहिल्या गिअरला सिंक्रोमेश, म्हणजे गिअर पडताना चक्रांचा वेग जुळवणारी रचना, नसल्याने चालत्या गाडीत पहिला गिअर सहज पडतही नाही. महामार्गासाठी पांदण गमवायची, हा सौदा मला मान्य नव्हता.

ओव्हरड्राइव्हचे मोठेपण याच ठिकाणी आहे, कारण तो खालचे काही न बिघडवता वरचे देतो. एडगर डी नॉर्मनव्हिल यांची ही कल्पना शेफील्डच्या लेकॉक कारखान्याने घडवली आणि ट्रायम्फ, ऑस्टिन-हीली, जग्वार, व्होल्वो अशा कितीतरी गाड्यांनी ती वापरली. गिअरबॉक्सच्या मागे जोडलेल्या या डब्यात मधोमध सूर्यचक्र, त्याभोवती ग्रहचक्रे आणि सगळ्यांना वेढणारे, आतून दाते असलेले कडे असते. कळ टाकली की सोलेनॉइड, म्हणजे विजेवर चालणारा खटका, झडप उघडतो, तेलाचा दाब शंकूच्या आकाराच्या क्लचला सरकवतो, तो क्लच सूर्यचक्राला घट्ट धरून ठेवतो, आणि थांबलेल्या सूर्याभोवती फिरणारी ग्रहचक्रे बाहेरच्या कड्याला इंजिनापेक्षा जास्त वेगाने फिरवतात. पाय क्लचवर न्यावा लागत नाही. आमच्या गाडीत हे प्रमाण ०.८०२ आहे, त्यामुळे १००० फेऱ्यांना २८.८ ऐवजी जवळजवळ ३६ किलोमीटरची चाल मिळते. नागपूर ते शिर्डी या ५२० किलोमीटरांत इंजिनाचे दोन लाखांहून अधिक फेरे वाचतात.

तो बंद का होता, याचे उत्तर मोठेबाबांच्या वहीत सापडले. तेलाची, टायरची, पेट्रोलची प्रत्येक नोंद ते ठेवत. १९८४ सालच्या एका पानावर लिहिले आहे : गिअरबॉक्स तेल बदलले, ९० नंबर. आमच्याकडे जीप आणि ट्रॅक्टरच्या गिअरबॉक्समध्ये ९० नंबरचेच तेल जाते, त्यामुळे ज्या मिस्त्रींनी ते भरले त्यांनी आपल्या परीने योग्यच केले होते. पण एमजीबीच्या गिअरबॉक्सला इंजिनाचेच तेल लागते आणि ओव्हरड्राइव्ह त्याच तेलावर चालतो. ९० नंबरचे घट्ट तेल त्याच्या बारीक वाटांतून नीट फिरत नाही, आणि त्या तेलातली गंधकयुक्त द्रव्ये आतल्या पितळी भागांना सोसत नाहीत. आम्ही तेल सोडले तेव्हा ते काळपट मधासारखे धार धरून पडत होते आणि पडवीभर गंधकाचा वास पसरला होता. तळाची जाळी काढून रॉकेलमध्ये धुतली, तिच्यावर राखाडी गाळाचा थर होता. साधे २०-५० इंजिन ऑइल भरले, शंभर किलोमीटर चालवून पुन्हा सोडले आणि पुन्हा भरले. सोलेनॉइडकडे जाणारी तार एका ठिकाणी उंदराने कुरतडलेली होती, ती बदलली. मग उभ्या गाडीत चावी फिरवून, चौथा गिअर टाकून मी कळ दाबली आणि खालून 'टक्' असा आवाज आला. लहानपणी शेकडो वेळा दाबलेल्या त्या कळीचा आवाज मी पहिल्यांदा ऐकत होतो.

त्याचीही पथ्ये आहेत. ७० च्या खाली तो लावून ठेवू नये, कारण इंजिन दबून चालते आणि तेही त्याला तापवतेच. लांब चढ किंवा समोरून जोराचा वारा असेल तर कळ काढावी. आणि ओव्हरड्राइव्ह अडकून बसल्याची शंका जरी आली, तरी गाडी मागे घेऊ नये. आतला एकाच दिशेने फिरणारा क्लच त्यात मोडतो.

गेल्या पौषात, पहाटे साडेपाचला, मोठी आई माझ्या शेजारी बसली होती. ती आता ऐंशीच्या पुढे आहे आणि गाडीत बसायला तिला हात द्यावा लागतो. पांदण आम्ही पहिल्या गिअरमध्ये पायी चालणाऱ्याच्या चालीने ओलांडली. विरूळवरून वर चढलो, डावी लेन धरली, ९० वर गाडी स्थिर केली. काटा ३१०० वर होता. कळ टाकली, आणि एका क्षणानंतर तो कुणीतरी बोटाने खाली आणावा तसा २५०० वर उतरला. टपाखालचा तो सततचा आवाज एक पट्टी खाली गेला. मोठी आई शाल सावरत म्हणाली, "तिकडे असताना अशीच चालायची. बोलता येई."

नदीच्या पलीकडे धामणगावला उतरून मी गाडी चहाच्या टपरीपाशी लावली आणि चारही टायरांच्या भिंतींना हात लावून पाहिला. कोमट होते. मागच्या डाव्या टायरवर मापक लावला तर २९ दाखवत होता. घरून निघताना २६ होते. दोन्ही आकडे मी वहीत लिहिले, मोठेबाबांच्या शेवटच्या नोंदीनंतर कोऱ्या राहिलेल्या पानावर.